१३८ मीटर दोरी, हातभर इलॅस्टिक आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय

"टीचर, झाडं तिसऱ्या दिवशी झाली आणि सूर्य चौथ्या दिवशी. मग मधल्या वेळात झाडांनी प्रकाशसंश्लेषण कसं केलं?"

धर्मशिक्षणाच्या वर्गात सातवीतल्या एका मुलानं हे विचारलं तेव्हा माझ्या मागे भिंतीवर मीच रंगवलेला तक्ता होता. सहा दिवस म्हणजे सहा युगं, एकेक दिवस कोट्यवधी वर्षांचा. बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकातला सृष्टीनिर्मितीचा पहिला अध्याय आणि विज्ञान यांचा मेळ घातला, म्हणून मी खुशीत होते. त्या हिशेबानं झाडं एक दिवस नाही, कोट्यवधी वर्षं अंधारात उभी! सोमवार ते शुक्रवार शाळेत प्रकाशसंश्लेषण शिकवणारी बाई मीच. तक्ता त्याच दुपारी उतरवला. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर नाताळच्या नाटकाची पात्रं लिहिली.

त्याला आता बावीस वर्षं झाली. शाळेतून निवृत्त झाले, पण वसईतल्या आमच्या धर्मग्रामात आठवी-नववीचा रविवारचा वर्ग अजून घेते. विश्वाची उत्पत्ती हा विषय कसा घ्यायचा, असं नवीन शिकवणारी मुलंमुली विचारतात. दर वर्षी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच ठेवते.

लागणारं सामान: पवित्र शास्त्राची एक प्रत, कागदाच्या चिठ्ठ्या, शिंप्याकडचं हातभर इलॅस्टिक, पाच बटणं, आणि १३८ मीटर दोरी. वेळ दोन रविवारांचा. एका तासात उरकायला गेलात तर मुलांच्या लक्षात फक्त 'स्फोट' राहील.

आधी चिठ्ठ्या

पहिल्या रविवारी काहीही शिकवण्याआधी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. प्रश्न लिहायचा, नाव लिहायचं नाही. नाव लिहायला सांगितलं की सगळे शहाण्यासारखे प्रश्न विचारतात आणि खरा प्रश्न खिशातच राहतो. माझ्याकडे दर वर्षी येणारे प्रश्न असे: बिग बँगच्या आधी देव काय करत होता? आदाम आणि डायनासोर एकत्र होते का? देवाला कोणी निर्माण केलं? परीक्षेत काय लिहायचं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाका: पुस्तकात आहे ते. बोर्डाच्या पेपरात उत्पत्तीचा अध्याय लिहून कुणाला मार्क मिळाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. बाकीच्या चिठ्ठ्या डब्यात ठेवा, दुसऱ्या रविवारी लागतील.

अध्याय मोठ्यानं वाचा, समजावू नका

बहुतेक जण इथे घाई करतात. अध्याय वाचायच्या आधीच त्याचा अर्थ सांगतात. तसं करू नका. एका मुलीला मजकूर वाचू द्या. 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली' आणि 'देवाने पाहिले की हे चांगले आहे' या ओळी आल्या की सगळ्या वर्गानं एकसुरात म्हणायच्या. तिसऱ्या दिवसापर्यंत कुणीतरी म्हणतंच, "हे गाण्यासारखं आहे." आहेच. पालुपद आहे. ईस्टरच्या आदल्या रात्री मेणबत्त्या हातात घेऊन आपण देवळात जातो, तेव्हाचं पहिलं वाचन हेच असतं. अध्याय ऐकायची खरी जागा ती आहे, प्रयोगशाळा नव्हे.

मग फळ्यावर दोन रांगा काढा. वरच्या रांगेत पहिले तीन दिवस: उजेड आणि अंधार, आकाश आणि पाणी, कोरडी जमीन. खालच्या रांगेत पुढचे तीन: सूर्य-चंद्र-तारे, पक्षी आणि मासे, प्राणी आणि माणूस. वर घर बांधलं, खाली माणसं राहायला आली. पहिल्याखाली चौथा, दुसऱ्याखाली पाचवा, तिसऱ्याखाली सहावा. सूर्य चौथ्या दिवशी का, याचं उत्तर या मांडणीत आहे. लिहिणाऱ्याला झाडांआधी सूर्य हवा हे कळत नव्हतं असं नाही. शेतकऱ्यांच्या देशातला माणूस तो.

चौथ्या दिवसावर थोडं थांबा. तिथे 'सूर्य' आणि 'चंद्र' हे शब्दच नाहीत. मोठी ज्योती आणि लहान ज्योती एवढंच आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात यरुशलेम पडलं आणि यहुदी लोकांना बाबिलोनला नेलं गेलं. या अध्यायाला आजचं रूप त्या सुमारास आलं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. बाबिलोनमध्ये सूर्य हा शमाश नावाचा देव होता आणि चंद्र सिन नावाचा. ज्यांनी हरवलं त्यांच्याच देवांना हा लेखक दिवे म्हणतो. टांगलेले दिवे! नावसुद्धा घेत नाही. हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

नंतर दुसरा अध्याय उघडा. तिथे माणूस आधी घडतो, बाग आणि प्राणी नंतर. हे दोन्ही अध्याय एकाच ग्रंथात शेजारी शेजारी ठेवणाऱ्यांना ही विसंगती दिसली नसेल का? दिसली असणार, तरी ठेवले. घटनांची नोंदवही हवी असती तर एक खोडला असता.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर फादर स्टीफन्स आहेत. हा इंग्लंडमधला जेझुइट संघाचा धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये राशोलला त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, ते मराठी ओव्यांत. सृष्टीची कथा त्यानं ओवीत सांगितली, कारण ऐकणाऱ्यांच्या कानाला ओवीची सवय होती. (आर्यभटानं गणितही श्लोकांतच लिहिलं, असं एका मुलीनं मला सुनावलं होतं. बरोबर आहे. तेव्हा पद्य आहे म्हणजे खरं नाही, इतकं स्वस्त समीकरण मांडू नका. हे कुणासाठी, कशासाठी सांगितलं, हे विचारा.)

इलॅस्टिक आणि बटणं

आता विज्ञान. मी पूर्वी फुगा वापरायचे. त्यावर ठिपके काढायचे, फुगवला की ठिपके एकमेकांपासून लांब जातात. एक वर्षी फुगा फुटला, वर्गात एकच हशा पिकला, आणि महास्फोट म्हणजे दिवाळीतला बाँब, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलं. बिग बँगसाठी मराठीत वापरतात तो 'महास्फोट' हा शब्दच गोंधळात टाकणारा आहे. रिकाम्या जागेत कुठेतरी काहीतरी फुटलं असं नव्हे, जागाच ताणली जाते आहे.

म्हणून इलॅस्टिक. त्यावर दहा-दहा सेंटिमीटरवर पाच बटणं शिवा. दोन मुलांनी दोन टोकं धरून ते दुप्पट ताणायचं. आता पहिल्या बटणावर बोट ठेवून मोजा. शेजारचं बटण १० सेंटिमीटर लांब गेलं, त्यापुढचं २०, त्यापुढचं ३०. जे दुप्पट दूर होतं ते दुप्पट वेगानं गेलं. आता बोट तिसऱ्या बटणावर ठेवा. तिथूनही तोच हिशेब, दोन्ही बाजूंना. म्हणजे प्रत्येक बटणाला वाटतं की मधोमध आपणच. दीर्घिकांचं, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचं, असंच आहे. इलॅस्टिकला टोकं आहेत, विश्वाला तशी कड कुणाला सापडलेली नाही, एवढा फरक सांगायला विसरू नका.

आणि मग विचारा: ताण सोडत गेलो, म्हणजे वेळ उलटा फिरवला, तर? मुलं स्वतःच सांगतात, "सगळं जवळ जवळ येणार." तेच. आज विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षांच्या आसपास धरतात.

दोरी

दोरी बाहेर, रस्त्यावर. एक मिलिमीटर म्हणजे एक लाख वर्षं, एक मीटर म्हणजे दहा कोटी. देवळाच्या फाटकाशी आरंभ धरा. १३८ मीटरवर, आमच्याकडे हे टोक केळीच्या वाडीच्या कुंपणाशी येतं, तिथे आज.

आरंभापासून चार मिलिमीटरला जेमतेम कमी अंतरावर, म्हणजे ३ लाख ८० हजार वर्षांनी, विश्व इतकं निवलं की अणू तयार झाले आणि उजेड मोकळा झाला. तोवरच्या हायड्रोजन आणि हेलियमवर पहिले तारे मीटर-दोन मीटरच्या टप्प्यात पेटले. मग चालत राहा. मुलं कंटाळतात, कंटाळू द्या, तो धड्याचा भाग आहे. पृथ्वी येते ती आजच्या टोकापासून ४५ मीटरवर. डायनासोर संपले ते टोकापासून ६६ सेंटिमीटरवर. वसईच्या किल्ल्यातला काळा दगड ज्या लाव्हाचा, तो दख्खनचा लाव्हाही साधारण त्याच काळातला. आपल्यासारखा माणूस शेवटच्या तीन मिलिमीटरमध्ये. येशूपासून आजपर्यंतची दोन हजार वर्षं? ०.०२ मिलिमीटर. केसाच्या जाडीपेक्षाही कमी.

इथे काही बोलू नका. मुलांना टोकाशी उकिडवं बसून ते तीन मिलिमीटर बघू द्या. स्तोत्रकर्त्याचा प्रश्न आठवणारं कुणी असतंच: मनुष्य तो काय, की तू त्याची आठवण करावीस? नाही आठवला तर आठव्या स्तोत्रातून वाचून दाखवा.

पोपना थांबवणारा धर्मगुरू

दुसऱ्या रविवारची सुरुवात या गोष्टीनं करा. ही मी कधीच गाळत नाही.

जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढला, १९२३ मध्ये धर्मगुरू झाला, लूव्हेनच्या विद्यापीठात शिकवत असे. विश्व प्रसरण पावतं आहे हे त्यानं १९२७ मध्ये गणितानं मांडलं, अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलचा निबंध येण्याच्या दोन वर्षं आधी. त्याच वर्षी ब्रुसेल्समध्ये आइन्स्टाइननं त्याला सांगितलं की तुझं गणित बरोबर आहे, पण भौतिकशास्त्र भयंकर आहे. १९३१ मध्ये लमेत्रनं पुढचं पाऊल टाकलं: सगळ्याची सुरुवात एका आदिम अणूतून झाली असावी. जे दुप्पट दूर ते दुप्पट वेगानं, या बटणांच्या हिशेबाला आपण हबलचा नियम म्हणत होतो, त्याला २०१८ पासून आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाच्या शिफारशीनुसार हबल-लमेत्र नियम म्हणायचं. पाठ्यपुस्तकं कधी बदलतील ते बघू.

१९३१ च्या त्या छोट्या टिपणाच्या टंकलिखित प्रतीत शेवटी देवाविषयी एक परिच्छेद होता. लमेत्रनं तो स्वतः काट मारून काढला आणि मगच छापायला दिला. मुलांना विचारा, का काढला असेल? धर्मगुरू होता, लाज वाटली का? दहा मिनिटं वाद होऊ द्या.

मग पुढचा भाग. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी भाषणात या नव्या विज्ञानाची सांगड थेट उत्पत्तीतल्या 'प्रकाश होवो' या वचनाशी घातली. ख्रिस्ती जग खूश. लमेत्र मात्र अस्वस्थ. पुढच्या वर्षी रोममध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमणार होते. त्याआधी तो व्हॅटिकनला गेला, तिथल्या वेधशाळेच्या प्रमुखाशी बोलला. सप्टेंबर १९५२ मध्ये पोप त्या शास्त्रज्ञांसमोर बोलले तेव्हा ती सांगड भाषणात नव्हती. आपला सिद्धान्त धार्मिक प्रश्नांच्या पूर्णपणे बाहेर आहे, देव न मानणाराही तो मोकळेपणानं मान्य करू शकतो, असं लमेत्र पुढे स्पष्टच म्हणाला.

का, हे समजण्यासाठी आपला माणूस बघा. या सिद्धान्ताला 'बिग बँग' हे नाव इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलनं १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर दिलं. त्याला तो सिद्धान्त मान्य नव्हता. त्याचे शिष्य जयंत नारळीकर, कोल्हापूरला जन्मलेले, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारे. त्यांनीही शेवटपर्यंत बिग बँग स्वीकारला नाही, पर्यायी सिद्धान्त मांडत राहिले. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ मात्र दुसऱ्या बाजूला, आणि त्याला कारण आहे: १९६४ मध्ये पेन्झिआस आणि विल्सन या दोघांना न्यू जर्सीतल्या अँटेनात सगळ्या दिशांनी येणारी एक कुरकुर ऐकू आली. त्यांनी आत घरटं केलेल्या कबुतरांची विष्ठासुद्धा साफ केली, कुरकुर गेली नाही. तो त्या आरंभीच्या उजेडाचा अवशेष होता, आता थंड होऊन निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम पावणेतीन अंशांवर आलेला. लमेत्रला ही बातमी १९६६ मध्ये रुग्णालयात, मृत्यूच्या थोडंच आधी कळली.

तरी मुलांसमोर एवढा प्रश्न टाका: उद्या नारळीकरांची बाजू खरी ठरली असती, तर तुमचा विश्वास कुठे गेला असता? बिग बँग हा देवाचा पुरावा म्हणून वापरलात तर हा प्रश्न तुमच्या मानगुटीवर बसतो. 'आमच्या ग्रंथात हे आधीच लिहिलं होतं' हा मोह आपल्या देशात सगळ्याच धर्मांच्या लोकांना होतो. माझा तो तक्ता दुसरं काय होता?

चिठ्ठ्यांची उत्तरं

आता डबा उघडा. बिग बँगच्या आधी देव काय करत होता, याला संत ऑगस्तीननं चौथ्या शतकाच्या अखेरीस उत्तर दिलंय. असले प्रश्न विचारणाऱ्यांसाठी देव नरक तयार करत होता, असं कुणीतरी थट्टेनं म्हणतं, पण मी ते उत्तर देणार नाही, असं तो सांगतो. त्याचं स्वतःचं उत्तर: काळ हीसुद्धा निर्मितीच. काळच नव्हता तिथे 'आधी' कुठला?

डायनासोर आणि माणूस: दोरी. ६६ सेंटिमीटर आणि तीन मिलिमीटर. आदामाचा प्रश्न मात्र याहून अवघड आहे. पापाची शिकवण त्याला जोडलेली आहे, तिथे ठोकून उत्तर देऊ नका. मी सरळ फादरांना वर्गात बोलावते.

देवाला कोणी निर्माण केलं, यावर मी वेळ घालवत नाही. ज्याला कुणी निर्माण करावं लागतं त्याला आपण देव म्हणतच नाही, एवढं सांगून पुढे जाते. काहींचं समाधान होत नाही. होईल अशी अपेक्षाही नाही.

एक इशारा. 'विज्ञान कसं ते सांगतं, श्रद्धा का ते सांगते' हे वाक्य मी दहा वर्षं वापरलं. सोयीचं आहे. मग एका मुलीनं विचारलं, "मग 'कसं'मध्ये देव कुठेच नाही का टीचर?" मला दोन आठवडे लागले. उत्तर सापडलं ते तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनसकडे. विश्वाला आरंभ होता हे तो शास्त्रवचनावरून मानत होता, पण नुसत्या तर्कानं ते सिद्ध करता येत नाही, असं तो म्हणे. निर्मिती म्हणजे कधीतरी घडून गेलेली घटना एवढंच नव्हे, तर आत्ता, या क्षणीही, सगळ्याचं असणं देवावर टेकलेलं असणं. मी मुलांना असं सांगते: सुतारानं खुर्ची केली आणि तो घरी गेला, तरी खुर्ची राहते. गाणाऱ्यानं गाणं थांबवलं की गाणं राहत नाही. आपण देवाला सुतार समजून बसतो आणि मग विज्ञानात त्याचे करवतीचे व्रण शोधतो. हे उदाहरणही लंगडंच आहे, पण 'कसं' आणि 'का' अशी वाटणी करण्यापेक्षा मला ते बरं वाटतं.

घरची मंडळी

मुलं घरी जाऊन सांगणार आणि कुणाच्या तरी आजीचा फोन येणार, हे गृहीत धरा. माझी स्वतःची मावसबहीण दुसऱ्या एका प्रार्थनासभेला जाते. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असे व्हिडिओ ती मला दर आठवड्याला पाठवते. तिला मी एवढंच सांगितलं की सहा हजार हा आकडा पवित्र शास्त्रात कुठेही लिहिलेला नाही. वंशावळींतली वर्षं इतर इतिहासाशी जुळवून आर्चबिशप अशर यांनी १६५० मध्ये इसवी सनापूर्वी ४००४ हे साल काढलं. ते मूर्ख नव्हते. खगोलशास्त्रज्ञ केप्लरनंही असंच गणित करून जवळपास तेच साल काढलं होतं. त्यांच्याकडे होती ती साधनं त्यांनी वापरली.

पण आकड्यांवर वाद घालू नका, निदान नाताळच्या जेवणाला तरी नको. तिची भीती वेगळी आहे: पहिलं पान खोटं ठरलं तर शेवटची पानंही खोटी ठरतील, मग येशूचं पुनरुत्थानही गेलं. त्या भीतीबद्दल बोला. पुनरुत्थानाची साक्ष देणारी माणसं होती, त्यांची नावं शुभवर्तमानांत आहेत. सृष्टीच्या पहिल्या दिवशी साक्षीला कुणी नव्हतं. दोन्ही पानं एकाच पद्धतीनं लिहिलेली नाहीत, हे तिला हळूहळू पटतंय असं मला वाटतं. व्हिडिओ अजून येतात, पण आता सोबत सुकेळी कधी पाठवतेस असंही विचारते.

कुणी पालक म्हणालेच की चर्च विज्ञानाला घाबरतं, तर व्हॅटिकनच्या वेधशाळेचं नाव सांगा. सप्टेंबर २०२५ पासून तिचे प्रमुख रिचर्ड डिसोझा आहेत, गोवा प्रांताचे जेझुइट. देवयानी दीर्घिकेनं काही अब्ज वर्षांपूर्वी एक मोठी दीर्घिका गिळली असावी, असं दाखवणारा २०१८ मधला शोधनिबंध त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्याचा. त्यात 'प्रकाश होवो' कुठे नाही.

आणि दोरीबद्दल राहिलं. सुतळी घेऊ नका. आमचा वर्ग पावसाळ्यात असतो, आणि सुतळी भिजली की आखडते. एका जुलैत आमचं विश्व कुंपणापर्यंत पोचलंच नाही, दीड मीटर कमी भरलं. पंधरा कोटी वर्षं गेली पाण्यात. तेव्हापासून मी नायलॉनची घेते.